गावची राखण : वाचकांचे प्रश्न

सोयाबीन निघालं आणि कपाशीची बोंडं फुटायला लागली की आमच्या टपालात बियाण्याची, फवारणीची पत्रं कमी होतात आणि चोरीची वाढतात. त्यातली काही इथे घेतली आहेत. गावांची नावं गाळली आहेत. दोन पत्रांत संशयितांची नावं लिहून आली होती, तीही काढून टाकली. संशयिताचं नाव पोलीस ठाण्यात सांगायचं असतं, मासिकाला कळवायचं नसतं.

प्रश्न : आमचं गाव पावणेतीनशे घरांचं आहे. मागच्या हंगामात एका रात्रीत पाच विहिरींवरची केबल कापून नेली. त्या रात्री शेतीची लाइन नव्हती. पोरांनी पोळ्यापासून गस्त सुरू केली. पहिल्या आठवड्यात तीस-तीस जण फिरत होते, दिवाळीपर्यंत चार उरले. गस्त टिकवायची कशी?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तीस जण फिरत होते, तिथेच गाडं घसरलं. तीस जणांची गस्त म्हणजे वरात. ती दुरूनच ऐकू येते, आणि सगळे एकदम जागल्यामुळे सगळे एकदम थकतात. आधी कागदावर हिशेब मांडा. एका पाळीला चार माणसं, रात्री ११ ते २ आणि २ ते ५ अशा दोन पाळ्या, म्हणजे एका रात्रीला आठ. सात रात्रींना ५६ माणसं लागतात आणि प्रत्येकावर आठवड्यातून एकच पाळी येते. पावणेतीनशे घरांच्या गावात ५६ माणसं मिळायला हरकत नाही. तेवढी मिळत नसतील आणि २८ च असतील तर एकच पाळी ठेवा, साडेबारा ते साडेचार. त्याच २८ जणांना आठवड्यातून दोनदा जागवू नका. रात्र काढलेल्या माणसाला सकाळी पाठीवर पंप घ्यायचा असतो. तो तिसऱ्या आठवड्यात दार उघडत नाही, आणि त्याचं चुकतही नाही.

बारमाही गस्त ठेवायचा मोह टाळा. सोयाबीन काढणीपासून संक्रांतीपर्यंत रोज, नंतर तूर-हरभऱ्याच्या काढणीला पंधरा-वीस दिवस, आणि बाकी वर्षभर फक्त फोनसाखळी. संपायची तारीख ठरलेली असली की माणूस नाव द्यायला कचरत नाही.

केबलचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात उत्तर आहे: ‘त्या रात्री लाइन नव्हती.’ शेतीच्या फीडरला थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रीची लाइन असते तेव्हा ओलितासाठी कास्तकार स्वतःच विहिरीवर असतो आणि केबलमध्ये करंटही असतो. चोर येतो तो लाइनच्या दिवसपाळीच्या आठवड्यात, म्हणजे रात्री शिवार मोकळं आणि केबल मेलेली असते तेव्हा. लाइनमनकडून फीडरचं वेळापत्रक घेऊन वहीत चिकटवा. दिवसपाळीच्या आठवड्यात दुसरी पाळी पांदण रस्त्याने शिवाराकडे वळवा, रात्रपाळीच्या आठवड्यात दोन्ही पाळ्या गावाभोवती ठेवा. माणसं तेवढीच लागतात, राखण दुप्पट होते.

रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने फिरलं तर आठ दिवसांत ते सगळ्यांना पाठ होतं, ज्याला व्हायला नको त्याला आधी. तीन ठेपे धरा: एस.टी.चं शेड, पाण्याची टाकी आणि गोठान, म्हणजे गावची गुरं जमतात ती जागा. प्रत्येक ठिकाणी खिळ्याला एक पत्र्याचा डबा, आत वही आणि दोरीने बांधलेला पेन. पाळीने तिन्ही वह्यांत वेळ लिहून सही करायची, पण क्रम रोज बदलायचा. आज टाकीपासून सुरुवात, उद्या गोठानापासून. सकाळी कोतवालाने किंवा गस्तीच्या सचिवाने तिन्ही वह्या पाहिल्या की कोण फिरलं आणि कोण शेडमध्ये शेकोटी करून बसलं ते कळतं. तिन्ही वह्यांतल्या सह्या एकाच शाईने, एकाच बसकणीत केलेल्या दिसल्या तर त्या पाळीशी शांतपणे बोला. चारचौघांत ओरडलात तर ती चारही नावं गेली म्हणून समजा.

मोठी वही पोलीस पाटलांकडे राहील. तिच्यातली नोंद अशी हवी: ‘रात्री १.२०. पांदण रस्ता, मारोतीच्या देवळापुढे. पांढरा छोटा हत्ती टेम्पो, मागे ताडपत्री, नंबरवर चिखल, शेवटचे दोन आकडे ४७. दोघे जण. विचारल्यावर कापसाची गाडी म्हणाले, कोणाकडे ते सांगितलं नाही. १.२५ ला पोलीस पाटलांना फोन.’ ‘संशयास्पद वाहन दिसले’ एवढ्या ओळीवरून ठाणेदार काय करणार? वेळ, जागा, वाहन, दिशा, माणसं किती आणि फोन किती वाजता, एवढं आलं की त्या नोंदीवरून पुढच्या गावाच्या गस्तीला फोन करून गाडी गाठता येते.

प्रत्येक पाळीला दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या, चार शिट्ट्या, चार्ज केलेला एक फोन आणि प्रत्येकाच्या पायात गमबूट, चप्पल चालणार नाही. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रात्री चालताना घोणसवर पाय पडण्याची भीती चोराच्या भीतीपेक्षा खरी आहे. सर्पदंशाची लस कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रात्रीही मिळते ते हंगामाआधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दलातल्या प्रत्येकाचा बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढून घ्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ७० हवं.

आणि मोटारींवर आजच छिन्नीने गट नंबर आणि नावाची अक्षरं कोरून घ्या, कंपनीच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. चोरीची मोटर सापडते तेव्हा ठाण्याच्या आवारात एकसारख्या मोटारींची रांग असते, आणि ‘हीच माझी’ म्हणायला हातात काहीच नसतं.

प्रश्न : गावात दोन गट आहेत. सरपंच एका गटाचे, उपसरपंच दुसऱ्या. सुरक्षा समितीचा अध्यक्ष कोण यावरच तीन बैठका मोडल्या. पोलीस पाटील हेच पदसिद्ध अध्यक्ष असतात का? आणि आम्हाला संस्था नोंदवावी लागेल का?
— वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : पोलीस पाटील १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली येतात. त्यांना उपविभागीय अधिकारी नेमतात, गाव निवडत नाही. गावातल्या घडामोडी पोलिसांना कळवणं हे त्यांचं कामच आहे, म्हणून ठाण्याशी बोलणारा माणूस म्हणून त्यांना समितीत घ्याच. पण अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात घालू नका आणि पैसे तर त्यांच्याकडे अजिबात ठेवू नका. उद्या वर्गणीवरून भांडण झालं की ज्यांनी तटस्थपणे अहवाल द्यायचा तेच वादात अडकतात.

गस्तीला कायद्याचं पाठबळ हवं असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ६३ ब आहे. त्याखाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्वयंसेवी ग्रामसंरक्षण दल उभारता येतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि इच्छुकांची यादी घेऊन ठाणेदारांकडे जायचं. यादीत नाव, वय, पत्ता, मोबाइल आणि फोटो हवा. पोलीस नावं पडताळतात, ते त्यांना करू द्या. ज्याच्यावर गुन्हे आहेत असा एक जण जरी गस्तीत शिरला तरी दलाची पत जाते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. ती न होता ‘सर्वानुमते’ लिहिलेल्या ठरावाला विरोधी गट पहिल्याच महिन्यात आव्हान देतो. नोंदणीकृत संस्थेची गरज नाही. नोंदणी, लेखापरीक्षण, बदल अर्ज यांतच हंगाम जातो.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. अध्यक्षपद वाड्या-मोहल्ल्यांनी आळीपाळीने घ्यावं, एका हंगामापुरतं. समिती नऊ ते अकरा जणांची आणि प्रत्येक मोहल्ल्याचा माणूस तिच्यात हवाच. गावाबाहेरची वस्ती, बेडा (भटक्यांची वस्ती), नवीन घरकुलं यांचाही. जिथून समितीत कोणी नाही तिकडे गस्तही जात नाही, आणि मग तिथली माणसं तिला ‘त्यांची गस्त’ म्हणायला लागतात. चालू वर्षात ग्रामपंचायतीची निवडणूक असेल तर उमेदवार होऊ पाहणाऱ्यांनी पद घेऊ नये, हे ठरावातच लिहा.

दोन्ही गट अध्यक्षपदासाठी भांडत असतील तर भांडू द्या, सचिव मात्र नीट निवडा. पाळ्यांची यादी लावणं, कोणाकडे लग्न आहे, कोण आजारी आहे ते पाहून अदलाबदल करणं, बॅटऱ्या चार्ज झाल्या का ते बघणं, हे सगळं सचिव करतो. किराणा दुकानदार, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, ग्रंथालयाचा कारभारी असा रोज एका जागी सापडणारा कोणीतरी घ्या. आणि एक नियम पहिल्याच दिवशी: अध्यक्षाचंही नाव पाळीत लागेल. अध्यक्षाचा मुलगा पाळी चुकवतो आणि मजुराच्या मुलाला जाब विचारला जातो, अशी गस्त पंधरा दिवस टिकत नाही.

प्रश्न : घरटी महिना ५० रुपये वर्गणी ठरवली. अकरा घरं देत नाहीत. पाळी चुकली तर शंभर रुपये दंडही घेतो. त्यांना गिरणी बंद करावी, त्यांच्याकडे मजूर जाऊ देऊ नये, असं बैठकीत ठरत आहे. योग्य आहे का?
— सुरक्षा समिती सदस्य, चिखली तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : नाही, आणि तसा ठराव लिहून तर मुळीच ठेवू नका. जातभाईंनीच आपल्यातल्या घरावर असा बहिष्कार टाकला तर राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागतो: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरांतलं एखादं घर अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि ठराव करणारे इतर समाजाचे असतील तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही सामाजिक, आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे. चोर राहिला बाजूला आणि समितीच कोर्टाच्या वाऱ्या करेल.

समितीला दंड करायचा अधिकारही नाही. पाळी चुकली म्हणून शंभर रुपये घेणं बंद करा. ‘तुला जमत नसेल तर बदली माणूस तूच दे’ एवढाच नियम पुरतो. आणि खर्च तरी किती आहे? बॅटऱ्या, शिट्ट्या, वह्या, चहा-साखर. २५० घरं धरली तर त्यांचे ५० रुपये म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, ते कशाला लागतात? हंगामाला एकदाच घरटी ५० घ्या, पावती द्या, पैसे दोघांच्या सहीच्या बँक खात्यात ठेवा आणि दर महिन्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जमाखर्च भिंतीवर दिसला की अकरांतली पाच-सात घरं आपणहून देतात. उरलेली नाही दिली तरी त्यांच्या गल्लीतून गस्त गेलीच पाहिजे.

प्रश्न : गस्तीत कापूस चोरताना एकाला पकडलं. पोरांनी रात्रभर बांधून ठेवलं, थोडा मार दिला. सकाळी पोलिसांनी उलट पोरांनाच दटावलं. आम्हाला पकडायचा अधिकार नाही का? आणि गस्तीला काठी चालते का?
— आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : अधिकार आहे, पण अरुंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणसाला अटक करता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात असा) असून अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा. (फरारी म्हणून जाहीर झालेल्या आरोपीलाही धरता येतं.) पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. रात्री एकला धरलेला माणूस सकाळी आठला दिलात म्हणजे तुम्हीच हद्द ओलांडली.

कापूस कुठून चोरला यावरही बरंच अवलंबून आहे. घरातून किंवा गोदामातून नेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ येतं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणि अजामीनपात्र. पण उभ्या शेतातून पाच हजारांच्या आतला माल नेला तर ती साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. अशा माणसाला बांधून ठेवायचा आधारच तुमच्याकडे नाही. नाव-गाव विचारा, ओळख पटवा, माल आणि पोतं तिथेच ठेवा, फोन करा. पन्नाशीच्या बाईने ओच्यात नेलेल्या दोन किलो कापसासाठी गस्तीने चौकशी मांडू नये, हे आमचं मत. असा प्रश्न तंटामुक्त समितीत सुटतो.

मार तर एक थापडही नको. संरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध तो बराच रुंदही आहे, पण धोका टळला की हक्कही संपतो. बांधलेल्या माणसापासून कोणाचं संरक्षण करायचं असतं? शिवाय मारलेला चोर पोलिसांच्या दृष्टीने आधी जखमी असतो. दवाखाना, वैद्यकीय तपासणी, त्याचा जबाब, आणि तुमची चोरीची तक्रार मागे पडते.

पकडण्याची वेळ आलीच तर चौघांनी चार बाजूंनी अंतर ठेवून उभं राहायचं, बॅटरी तोंडावर न धरता हातांवर धरायची, कारण चाकू हातात असतो. एकाने लगेच ११२ ला फोन करायचा. गावाचं नाव, तालुका, जवळची खूण आणि ‘जखमी कोणी नाही’ एवढं सांगायचं. मग पोलीस पाटलांना. त्याला बसवा, पाणी द्या, झडती घेऊ नका. झडती पोलीस पंचांसमोर घेतील, नाहीतर ‘पैसे गस्तवाल्यांनी काढले’ हा आरोप येतोच. फोन कधी केला आणि पोलिसांच्या ताब्यात कधी दिलं, या दोन्ही वेळा वहीत.

काठीबद्दलही विचारलं आहे. साधी काठी चालते. भाला, कोयता, गुप्ती नको. पण सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात जिल्हाधिकारी पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात बहुधा काठ्या-लाठ्यांचाही समावेश असतो. पाच किंवा जास्त जणांच्या जमावालाही बंदी असू शकते. आदेश सुरू आहे का ते ठाण्यात विचारूनच निघा.

प्रश्न : मोबाइलवर ‘मुलं पळवणारी टोळी फिरते’ असे निरोप येतात. दिवाळीनंतर गावात बहुरूपी, नंदीवाले, जडीबुटीवाले येतात. त्यांना गावात येऊच देऊ नये का?
— मानोरा तालुका, जि. वाशीम

उत्तर : १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच निरोपांवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, आणि जीव तिथेच घेतला. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले. मुलं कोणीच पळवली नव्हती.

नव्या न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे, आणि ती त्या जमावातल्या प्रत्येकाला. मागे उभं राहून मोबाइल धरणारा सुटेल, या भ्रमात कोणी राहू नये.

हे फिरस्ते कुठून आणि कधी येतात हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. सुगी झाली की येणारच, शतकानुशतकं येत आहेत. पारध्यांसह अनेक जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र गस्तीच्या वहीत अजून दिसतो. ‘पारधी दिसले’ ही नोंद होत नाही. कोण काय करत होतं, ती नोंद.

व्यवहारात एवढं करा. गावाबाहेर पाल पडलं की पोलीस पाटलांनी दिवसाउजेडी जाऊन विचारायचं, ‘कोन गावचे जी? किती दिवस राहता?’ नावं, आधीचा मुक्काम आणि एक फोन नंबर लिहून घ्यायचा, पाणी कुठे मिळेल ते दाखवायचं. मग गावाच्या ग्रुपवर पाटलांनीच लिहायचं: ‘आखरावर तीन पालं आहेत, चौकशी झाली आहे.’ ही एक ओळ त्या रात्रीची अफवा मारते. गस्तीच्या ग्रुपवर निरोप टाकायचा अधिकार तिघा-चौघांनाच ठेवा, ते सेटिंगमधून करता येतं. आणि बाहेरून आलेला कोणताही व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही, हा नियम सचिवालाही लागू.

प्रश्न : ग्रामपंचायत चार कॅमेरे बसवणार आहे. शेजारच्या गावात बसवले होते, पण चोरी झाली तेव्हा गाडीचा नंबर दिसलाच नाही. काय पाहून घ्यावं?
— ग्रामपंचायत सदस्य, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : शेजाऱ्यांचे कॅमेरे बहुधा चांगलेच असतील, जागा चुकली असेल. खोक्यावर ‘नाइट व्हिजन ३० मीटर’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ३० मीटरवर कोणीतरी आहे एवढं दिसेल. २ मेगापिक्सल कॅमेऱ्याला ४ मिमीची लेन्स असेल तर अनोळखी चेहरा ओळखू येतो जेमतेम चार-पाच मीटरपर्यंत. १२ मिमीची लेन्स घेतली तर पंधरा मीटरच्या आसपास, पण चौकट अरुंद होते. म्हणून चारही कॅमेरे चौकात चार दिशांना लावण्यापेक्षा गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर एकेक अरुंद लेन्सचा लावा आणि चौकात एकच रुंद ठेवा.

नंबर प्लेटसाठी कॅमेरा येणाऱ्या गाडीकडे तोंड करून लावला तर रात्री हेडलाइटने सगळं पांढरं होतं. तो जाणाऱ्या गाडीच्या पाठीकडे वळवा. जिथे आधीच गतिरोधक आहे त्याच्या थोडं पुढे, साताठ फूट उंचीवर, रस्त्याशी कमीत कमी कोनात. शटरचा वेग १/५०० च्या पुढे ठेवायला सांगा, नाहीतर आकडे फरपटतात. एवढ्या खाली कॅमेरा कोणीही फोडेल ही भीती खरी आहे, म्हणून त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा बारा-पंधरा फूट उंचीवर हवा.

साठवण आधी मोजा. २ मेगापिक्सलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१-२२ जीबी भरतो. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी, महिन्याचे २.६ टीबी. ठेकेदार १ टीबीची डिस्क देतो, ती अकरा-बारा दिवसांत भरून मागचं पुसायला लागते. लग्नाला गेलेला माणूस पंधरा दिवसांनी परतून कुलूप तुटलेलं पाहतो तेव्हा काहीच उरलेलं नसतं. ४ टीबीची, कॅमेऱ्यांसाठी बनवलेली डिस्क कोटेशनमध्येच लिहून घ्या.

वीज हा आपल्याकडचा खरा रोग. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि स्विच मिळून ५० वॅटच्या आसपास घेतात. १५० एएचची एक बॅटरी अर्धीच वापरली तरी इन्व्हर्टरवर चौदा-पंधरा तास काढते. कॅमेऱ्याची कॅट-६ वायर १०० मीटरच्या पुढे चालत नाही. लांबच्या खांबासाठी फायबर ओढा. तांब्याची लांब वायर जूनमधली पहिली वीज थेट रेकॉर्डरपर्यंत आणून देते. अर्थिंग खरंच केलं का, की नुसती तार मातीत खुपसली, ते उभं राहून पाहा.

बसवल्यावर दोन बारीक गोष्टी बिघडतात. एक, कोळी. रात्री इन्फ्रारेडच्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं चकाकतं. दर पंधरा दिवसांनी लांब काठीला फडकं बांधून पुसायचं. दोन, घड्याळ. लाइट जाऊन-येऊन रेकॉर्डरची वेळ मागे पडते. फुटेजवर रात्री १०.४० आणि फिर्यादीत १.१५, यातून आरोपीचा वकील रस्ता काढतो. दर सोमवारी मोबाइलशी वेळ जुळवून वहीत सही करा.

फुटेज पुरावा म्हणून द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याला दोन भाग असतात, त्यांतला एक तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा, येते. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ तपासाला दिशा देतो, कोर्टात त्याचा फारसा भरवसा नाही. म्हणून चोरी कळताच रेकॉर्डिंग बंद न करता पोलिसांना बोलवा आणि मूळ रेकॉर्डरमधूनच काढू द्या. पासवर्ड ठेकेदाराने ठेवलेला बदला. तो दोघांकडेच असावा. आणि हातपंप, कोणाचं अंगण, न्हाणी चौकटीत येत असेल तर कोन आत्ताच बदला, भांडण झाल्यावर नको.

प्रश्न : आमच्याकडे चोऱ्या दिवसा होतात. वेचणीला सगळं गाव शेतात असतं. बचत गटाच्या बायका काही करू शकतात का? ग्रामरक्षक दल म्हणतात ते हेच का?
— बचत गटाच्या सचिव, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : शेवटचं आधी. ग्रामरक्षक दल हे नाव २०१६ च्या दारूबंदी कायद्यातल्या दुरुस्तीतून आलं. ते अवैध दारूविरुद्ध आहे, त्याची ग्रामसभा आणि पद्धत वेगळी. दोन्ही दलं एकाच माणसांची करू नका. दारूवाल्याशी वैर आलं की रात्रीची गस्तही त्याच वैरात सापडते.

दिवसाच्या चोरीचा मुद्दा फार नेमका पकडला आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ गाव ओस, आणि चावी कोनाड्यात, पायपुसण्याखाली नाहीतर तुळशीवृंदावनात. घरोघरी जागा त्याच असतात. वेचणीला न जाणारी माणसं मोजा: म्हातारे, बाळंतीण, शिवणकामवाली, दुकानदार. प्रत्येक गल्लीत अशी दोन घरं ठरवा. चाव्या तिथे नको. त्यांनी फक्त बाहेर बसायचं आणि अनोळखी फेरीवाला आला की ‘कोनाकडं जायचं जी?’ विचारायचं. ज्याला काम आहे तो सांगतो, टेहळायला आलेला मागे वळतो. दागिने उजळून देतो, गॅसची नळी तपासतो, सर्व्हे करतो म्हणणाऱ्यांना दारातच थांबवून ग्रामपंचायतीत फोन करायचा. वेचणीच्या मजुरीचे पैसे ज्या शनिवारी वाटले जातात त्याच्या दुसऱ्या दिवशी जास्त लक्ष ठेवा.

घर फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, शेजारणींनाही जाऊ देऊ नका. कपाटाच्या दारावरचे ठसे पहिल्या पाच मिनिटांत हळहळणाऱ्या हातांनीच पुसले जातात.

थोडक्यात

*रात्री देवळाच्या भोंग्यावरून गाव जागवलं तर गुन्हा होतो का?* (उमरखेड) रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला बंदी आहे, पण सार्वजनिक आणीबाणीला सूट आहे. खरंच दरोडा पडत असेल तर वाजवा. चाचणी मात्र दिवसा.

*सोयाबीनच्या गंज्या पेटवून देतात, काय करावं?* (मलकापूर) सगळ्यांच्या गंज्या एका खळ्यावर चिकटून नकोत आणि विजेच्या तारांखाली तर नकोतच. दोन गंज्यांत बैलबंडी वळेल एवढी वाट, जवळ पाण्याचे भरलेले दोन ड्रम. लागलीच तर विझल्यावर राख हलवू नका, तलाठी आणि पोलीस दोघांचा पंचनामा होऊ द्या.

*रानडुकरांसाठी शेताला करंट लावतात. गस्तीला धोका आहे का?* (केळापूर) जिवाचाच. सरळ लाइनचा करंट कुंपणाला सोडणं बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. गस्त सुरू करण्याआधी ग्रामसभेत प्रत्येक कास्तकाराकडून विचारून घ्या. ज्या धुऱ्याची खात्री नाही तिकडे रात्री जायचं नाही, पांदणीवरूनच बॅटरी मारायची. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं. ते ठोक्याठोक्याने झटका देतं, पण त्यालाही पाटी लावा.

*आमच्या शिवारात वाघ आहे. गस्त ठेवावी का?* (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर) पायी शिवारगस्त नको, जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायलाही, एकट्याने नको. दिव्याच्या उजेडातल्या गल्ल्यांपुरतीच फेरी, तीही चौघांनी बोलत-बोलत. गोठानाकडचे दिवे बंद असतील तर ते आधी लावून घ्या. वाघ दिसला तर शिट्टी वाजवून गर्दी जमवू नका, माणसांना घरात जायला सांगा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. गावात वनविभागाचं प्राथमिक प्रतिसाद दल असेल तर त्यातल्या दोघांचे नंबर गस्तीच्या वहीच्या पहिल्या पानावर, सर्पदंशाच्या दवाखान्याच्या वर.